उतरत्या भट्टीतला केक

दसरा होऊन गेला तरी कोल्हापूरच्या दुपारी तापलेल्याच असतात. संध्याकाळी मात्र रंकाळ्याकडून येणारा वारा कोरडा होतो आणि त्याला वाळत्या गवताचा वास येतो. भातं पिवळी पडतात. गुऱ्हाळवाले चुलवाणं लिंपायला घेतात. आणि मंडईत, पेरूंच्या आणि सीताफळांच्या पाट्यांपलीकडे, गवत भरलेल्या लाकडी खोक्यांतून सफरचंदं येतात.

परवा दिवाळीसाठी गगनबावड्याहून माहेरी आले. स्टँडवरून घराकडे चालले होते, तर कोपऱ्यावरच्या एका गाडीवर ती दिसली. लहान, लाल कमी आणि हिरवी जास्त. माझे पाय आपोआप थांबले. गाडीवाल्यानं एक फळ धोतराला पुसून पुढे केलं आणि विचारलं, "कोण आजारी हाय, ताई?"

आमच्याकडे अजून हाच प्रश्न विचारतात. सफरचंद म्हणजे आजाऱ्याचं फळ. धडधाकट माणसानं ते का खावं? "कोण न्हाई," मी म्हटलं आणि खाली मान घालून पिशवीत काहीतरी शोधत राहिले. डोळे भरून आलेले त्या परक्या माणसाला दिसू नयेत म्हणून. इतकी वर्षं ही सफरचंदं माझे वडील, आबाच आणत. एकेक फळ नाकाशी धरून, देठापाशी दाबून पाहत. यंदा आबा नाहीत. श्रावणात गेले.

आबांची बेकरी मंगळवार पेठेत. तरुणपणी ते दरबारच्या मुदपाकखान्यात होते. तिथल्या एका गोवेकर खानसाम्याच्या हाताखाली भट्टीचं काम शिकले आणि पुढं त्यांनी स्वतःची भट्टी घातली. पहाटे पाव, मग बटर, मग खारी, आणि लाकडं ओढून घेतल्यावर धग उतरू लागली की नानकटाई. दुपारपर्यंत भट्टी नुसती कोमट माया धरून राही. तेव्हा आबा समोरच्या फळीवर पाठ टेकत, डोईचा पटका काढून गुडघ्यावर ठेवत, आणि कुणी आलं तर "भट्टी झोपली आता, उद्या या," म्हणत.

अशाच एका दुपारी एक बाई आली. मी तेव्हा सातवी पास होऊन घरी होते आणि दुकानात बसत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची मोठी छावणी वसली होती. घरातून उठवून रशियाच्या बर्फाच्या मुलखात नेऊन टाकलेल्या बायका आणि मुलं, तिथून सुटून इराणमार्गे, बोटीनं, आगगाडीनं इथवर आलेली. गावाला त्यांची सवय झाली होती. त्या बाजारात यायच्या, वांगी हाताळून बघायच्या, घासाघीस करायच्या. ही बाई त्यांच्यातलीच. डोक्याला फुलांचा रुमाल, एका हातात पत्र्याचा गोल डबा, दुसऱ्या हाताच्या बोटाला धरलेली आठएक वर्षांची मुलगी. मुलीचे केस मक्याच्या कणसाच्या जटेसारखे.

"आबा," बाई म्हणाली. पेठेत सगळे म्हणत म्हणून तीही आबाच म्हणाली. "भट्टी गरम हाय?"

आबा ताडकन उठून बसले. ते कोल्हापुरी 'हाय' त्या गोऱ्या तोंडातून ऐकून मला हसू आवरेना.

"हाय थोडी. पर पाव संपला, बाई."

"पाव नको. माझा एक डबा आत जाईल?"

तिचं नाव हालीना. डब्यात केक होता, अजून न भाजलेला. छावणीत चुली होत्या, पण चारी बाजूंनी सारखी ऊब देणारी भट्टी नव्हती. आबांनी डब्याचं झाकण उचललं, वास घेतला, लांब दांड्याच्या फळीवर तो डबा ठेवला आणि भट्टीच्या पार आतल्या कोपऱ्यात सरकवला. थोड्या वेळानं लोणी, दालचिनी आणि भाजलेलं सफरचंद यांचा जो वास दुकानभर झाला, त्यानं आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली.

"काय जळालं?"

"जळालं न्हाई," आबा म्हणाले. "फळ भाजलंय."

"फळ भाजून खात्यात व्हय?" आई म्हणाली. पण ती परत आत गेली नाही.

पुढच्या खेपेपासून हालीनाबाई केक आमच्याच ओट्यावर करू लागल्या. मैदा मिळत नव्हता म्हणून कणीक, साखर रेशनवर म्हणून आपला गूळ. थंड लोणी कणकेत बोटांच्या टोकांनी चोळायचं, रवाळ झालं की अंडं घालून गोळा करायचा. अर्धा गोळा डब्याच्या तळाशी थापायचा. त्यावर सफरचंदाच्या पातळ फोडी, गूळ, दालचिनी. उरलेला गोळा वरून हातानं कुस्करून भुरभुरायचा. "आमच्या घरी हा पांढरा होतो," त्या सांगायच्या. "इथं गुळानं तांबडा होतो. तुमच्या मातीसारखा." त्यांच्या घराच्या अंगणात सफरचंदाची झाडं होती. शरदात इतकी फळं पडत की सगळ्या गल्लीला त्याच वासाची झोप लागे. शिपाई दाराशी आले तेव्हा मात्र हिवाळा होता आणि झाडं उघडी होती. ते सांगताना त्या कणीक मळायच्या थांबत नसत.

मुलीचं नाव झोशा. तिला केकपेक्षा सालीचं वेड. हालीनाबाई सफरचंदाची साल एकसंध काढायच्या, सुरीखालून ती लांबलचक लाल फीत उतरत यायची, आणि झोशा पिठाच्या पोत्यावर बसून दोन्ही हात पुढे करून वाट पाहायची. साल तुटली नाही तर गळ्यात घालायची, तुटली तर खाऊन टाकायची. आबांच्या खांद्यावर चढून ती भट्टीत डोकावायची. "आबा, फुगलं की!" असं ओरडायची. आमच्या पेठेतल्या कुठल्याही पोरीनं ओरडावं, अगदी तस्सं.

त्या शरदातल्या दुपारी काहीच घडत नव्हतं. आज वाटतं, माणसाच्या वाट्याला येणारं सुख बहुधा असंच असतं. त्यात सांगण्यासारखं काही नसतं, आणि म्हणून ते चालू असताना कुणी त्याच्याकडे वळून बघत नाही. आई तांदूळ निवडत बसलेली, हालीनाबाई खिडकीशी, मी फोडी करतेय, आबा झोशाला नानकटाईचा चुरा भरवतायत. बाहेर टांगा गेला की घुंगरांचा आवाज. बस्स.

स्वातंत्र्याच्या वर्षीचा आषाढ फार वाईट होता. पंचगंगा पात्राबाहेर आली, वळिवड्याच्या वाटेवर गुडघाभर चिखल झाला. झोशाला विषमज्वर झाला. आबा पाव पोचवायच्या निमित्तानं छावणीच्या दवाखान्यात जायचे. एकदा मीही गेले. लोखंडी खाटेवर ती एवढीशी दिसत होती आणि मक्याच्या जटेसारखे ते केस कापून टाकले होते. आबांना बघून ती हसली.

"आबा, सफरचंद कवा येणार?"

"दसरा होऊ दे," आबा म्हणाले. "पैलं खोकं तुझ्याम्होरं फोडतो. सगळी सालं तुझी."

"सगळी?"

"सगळी म्हणजे सगळी. शालनला एक देत न्हाई."

शालन म्हणजे मी. झोशानं माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही फार मोठी लढाई जिंकली होती.

दसऱ्याला अजून पुष्कळ अवकाश होता. तिला तेवढा मिळाला नाही. गावातल्या ख्रिस्ती लोकांच्या दफनभूमीत, पावसातच, तिला ठेवलं. हालीनाबाईंचा मोठा मुलगा आईच्या डोक्यावर छत्री धरून उभा होता आणि स्वतः भिजत होता. हालीनाबाई रडल्या नाहीत. आबा घरी येऊन भट्टीसमोर बसले ते पटकासुद्धा न काढता. दुसऱ्या दिवशी पेठेला पाव मिळाला नाही.

त्यानंतर हालीनाबाई यायच्या बंद झाल्या. दसरा आला, गेला. मंडईत सफरचंदं आलीच नाहीत. उत्तरेत गडबड चालली होती, गाड्या माणसांनीच भरून येत होत्या, फळं कोण पाठवणार? आणि दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी त्या दारात उभ्या राहिल्या. हातात तोच पत्र्याचा डबा, रिकामा.

"आमच्याकडे एक दिवस असतो," त्या म्हणाल्या. "मेलेल्या माणसांचा. सगळे तिथं जातात, मेणबत्ती लावतात. मी तिच्यासाठी केक नेणार. पण सफरचंद न्हाई."

आईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "म्हणजे तुमचा पितरपाठच की," ती म्हणाली. आणि मग आबांकडे वळून, एरवी कधी बोलत नसे त्या आवाजात म्हणाली, "बसलाय काय? उठा. बघा जावा कुठं मिळत्यात ती."

आबांनी कोल्हापूरची मंडई पालथी घातली. मग आगगाडीनं मिरजेला गेले. तिथं दवाखाने पुष्कळ, आजारी माणसं पुष्कळ, तेव्हा फळवाल्यांकडे असली तर असतील, असा त्यांचा हिशेब. संध्याकाळी परतले ते पटक्याच्या शेवात पाच सफरचंदं बांधून. सुरकुतलेली, एकाला डाग. तीही एका म्हाताऱ्या पेशंटासाठी राखून ठेवलेली होती. आबांनी फळवाल्याला काय सांगितलं ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "दिली बिचाऱ्यानं."

दुसऱ्या दिवशी हालीनाबाई ओट्याशी बसल्या. सफरचंद हातात घेतलं, सुरी लावली. साल सुरकुतलेली होती तरी हात सराईत होता, फीत उतरत गेली, न तुटता, शेवटपर्यंत. आणि मग त्यांनी सवयीनं ती बाजूला धरली. पिठाच्या पोत्याच्या दिशेनं. हात तसाच हवेत राहिला. आईनं पुढं होऊन ती साल त्यांच्या बोटांतून सोडवून घेतली, जवळ बसली, आणि त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. "रड बाई," ती म्हणाली. "रड आता. हितं कोण बघणार न्हाई."

त्या आवाजाचं वर्णन मला करता येणार नाही. आबा उठून दुकानाच्या फळ्या लावायला गेले. भर दुपारी दुकान बंद. गिऱ्हाईक दार ठोठावत होतं आणि आबा आतून म्हणत होते, "भट्टी झोपली, पावणं. उद्या या."

केक झाला. मी कापल्या फोडी, आईनं चोळलं लोणी, हालीनाबाईंनी फक्त वरचा चुरा भुरभुरला. आबांनी डबा भट्टीत ठेवला आणि तो होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

हिवाळ्यात बातमी आली की हालीनाबाईंचा नवरा जिवंत आहे. लढाईत हरवलेला माणूस, विलायतेत सापडला होता. छावणी उठणारच होती, त्यांना आणि मुलाला तिकडे पाठवायचं ठरलं. अशा बातमीनं माणूस वेडा होईल आनंदानं. त्या आमच्याकडे आल्या आणि भट्टीसमोर मटकन बसल्या.

"दोघं तिकडे," त्या म्हणाल्या. "एक इथं. आबा, मी तिला एकटीला टाकून कशी जाऊ?"

"एकटी कशी?" आबा एकदम गरजले. "आम्ही काय मेलोय व्हय?"

म्हणाले आणि जीभ चावली. पण हालीनाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या तोंडावर हसू आलं. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा. हसता हसताच त्यांनी आबांचे पिठानं माखलेले हात धरले. आबा हळू आवाजात म्हणाले, "दर सालाला केक जाईल. मेणबत्ती जाईल. माझं हातपाय चालत्यात तवर. त्याच्या म्होरं पोरं हाईत माझी. तू जा. जित्या माणसाकडं जा."

स्टेशनवर आईनं त्यांची खणानारळानं ओटी भरली. सासरी निघालेल्या लेकीची भरतात तशी. त्यांना त्याचा अर्थ कळला की नाही कोण जाणे. गाडी हलली तशा त्या खिडकीतून आमच्याकडे नाही, गावाच्या दिशेनं बघत होत्या. कितीतरी वेळ तो फुलांचा रुमाल दिसत होता.

नंतरच्या वर्षी वळिवड्याच्या त्याच बराकींत सिंधी माणसं आली. तीही घरं सुटलेली. दिवाळीच्या मागंपुढं आबांनी केक केला. अर्धा झोशापाशी नेला, मेणबत्ती लावली. उरलेल्या अर्ध्याचं काय, तर आई म्हणाली, "ती ऱ्हात हुती तिथल्या पोरांस्नी द्या." मग आम्ही टांगा करून वळिवड्याला गेलो. हालीनाबाईंच्या खोलीच्या दारात एक तरुण सिंधी बाई धान्य निवडत होती, मागे तिचा लहान मुलगा. आईनं केक ठेवलेलं पान पुढे केलं. बाई संशयानं म्हणाली, "किसलिए?"

आईचं हिंदी यथातथाच. "हितं एक पोरगी रहती थी," ती म्हणाली. "गई वो. उसका है."

बाईनं आईकडं पाहिलं, खोलीकडं पाहिलं, कोपऱ्याकडं, भिंतीकडं. मग मुलाला हाक मारून त्याच्या हातांवर पाणी घातलं, त्याला उंबऱ्याशी नीट मांडी घालून बसवलं आणि केकचा तुकडा त्याच्या हातात दिला. तो खात असताना ती म्हणाली, "हमारे घर में भी अब कोई रहता होगा." त्यानंतर दर वर्षी ती आमची वाट पाहायची.

माझं लग्न झालं, मी घाटमाथ्यावर गेले. तिथं पाऊस दसऱ्यालाही रेंगाळतो. बाहेर धुकं दाटलं आणि मंडईतली सफरचंदं मनात आली की माहेरी जायचे दिवस जवळ आले असं समजायचं. दर वर्षी भट्टीपाशी तेच. आबा सफरचंदं आणणार, मी साल काढणार, आई लोणी चोळणार. हालीनाबाईंकडून पुढे काही कळलं नाही. जगाच्या त्या टोकाला त्यांनी नवं घर मांडलं असेल, मुलाचं लग्न झालं असेल, कदाचित दारात एखादं झाडही असेल. मी कधी कधी विचार करते, शरदात तिथं फळं पिकून पडत असतील तेव्हा त्या केक करत असतील का? की ती वेळ आली की त्या दुसऱ्याच कशात तरी हात गुंतवत असतील? मला माझं कळत नाही, त्यांचं काय सांगणार.

आबांची नजर अलीकडे अधू झाली होती. गेल्या वर्षी दफनभूमीत त्यांनी माझा खांदा धरला होता आणि ओळीतल्या दुसऱ्याच दगडापाशी वाकले होते. "आबा, हिकडं," मी म्हटलं. "माहिती हाय मला," ते रागावून म्हणाले. श्रावणात, भट्टीसमोर पाठ टेकून बसले असतानाच, ते गेले. धाकट्या भावानं बेकरी चालवायला घेतली आहे. तो म्हणाला, "शालनताई, केक करू की. न करून कसं चालंल?"

काल केला. भट्टी उतरल्यावर डबा आत ठेवला तेव्हा फळी धरायला कुणी पुढं होईना, मग भावानं धरली. मोकळ्या कपाळानं आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

दफनभूमीच्या फाटकाबाहेर आई नेहमी टांग्यातच बसून राहायची. आमच्यात बायका मसणात जात नाहीत, लेकरूबाळ असलेल्या तर नाहीतच. मी हालीनाबाईंसाठी म्हणून जायची, आणि आबा मला कधी अडवत नसत. काल टांगा थांबला, मी केक आणि मेणबत्ती घेऊन उतरले. मागोमाग आई उतरली.

"तू कशाला?" मी म्हटलं.

"चल," ती म्हणाली.

गवत वाळून पिवळं झालं होतं. ओळीच्या टोकाला तो लहानसा दगड. मी मेणबत्ती लावली, ती वाऱ्यानं दोनदा विझली, मग हाताच्या आडोशानं राहिली. आई पदर सावरून तिथं मातीतच बसली. एका हातानं दगडावरचा पाचोळा पुसला. मग केकचा तुकडा तिथं ठेवून, शेजारच्या घरातल्या पोरीशी बोलावं तशा आवाजात बोलू लागली.

"झोशा, बाळा, तुझं आबा गेलं गं. श्रावणात. यंदा केक शालननं केलाय, गोड मानून घे. त्यांस्नी आता नीट दिसत न्हवतं. पांढरा पटका हाय डोईला, पोट सुटलंय, वळखशील न्हवं तू? ते तुला हुडकतच आलं असतील. वाट चुकत्यात. दिसलं की हात धर त्यांचा."